तुकडा दाखव

आमच्या जीवशास्त्राच्या बाई गेल्या श्रावणात, एका सोमवारी दुपारी, डोंबिवलीत वारल्या. कारण न्यूमोनिया. त्याआधीच्या दिवाळीत रक्ताच्या कर्करोगावर त्यांचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं होतं.

बाई पुस्तक उघडून शिकवत नसत. मोहने गावातल्या आमच्या शाळेत रोगप्रतिकारशक्तीचा धडा आला की बाकं भिंतीला लागत. दारापाशी काही मुलं हात पसरून उभी राहत. ही पहिली फळी. परका, म्हणजे जंतू झालेला मुलगा, दिसला की धरायचा, चौकशी करत बसायचं नाही. बाकीचा वर्ग मागे, प्रत्येकाच्या हातात वेगवेगळ्या आकाराचा कापलेला कागद. ही दुसरी फळी. परक्याला पुढच्यांनी धरलं की एकीने त्याच्या सदऱ्याला टाचलेल्या कागदाचा तुकडा फाडायचा, मागे धावायचं आणि तो एकेकाच्या कागदाला लावून बघायचा. ज्याचा जुळेल त्याने आपल्यासारखे आणखी उभे करायचे. तोच परका पुन्हा आला तर हे त्याला ओळखून लगेच घेरत.

"बाई, म्हणजे पुढचे बिनडोक ना?" मागून एकाने विचारलं.

"बिनडोक असतील, पण वेळेवर येतात. तुमची हुशार मंडळी यायला आठवडा लावतात. तोवर दार कोण धरणार, तुझा काका?"

तुकडा घेऊन धावणारी नेहमी मीच. एकदा तुकडा न घेताच मी ओरडत सुटले, "चोर आला, चोर आला!" मागचे सगळे एकदम उठले आणि त्यांनी दारातल्या आपल्याच मुलांना बुकलून काढलं. एकाचा चष्मा फुटला. बाई हसल्या नाहीत. "अगं बातमीदार, नुसती बोंब ठोकलीस तर घरचीच माणसं मार खातात. सांगू नकोस, तुकडा दाखव."

नाव चिकटलं. पुढे मी खरोखरच वर्तमानपत्रात लागले. माझी बातमी छापून आली की सकाळी त्यांचा फोन येई. "वाचली. तुकडा कुठाय?"

प्रत्यारोपणासाठी बाईंच्या खडवलीच्या थोरल्या भावाच्या पेशी जुळल्या. दादा म्हणाले, "घे गं बाय, लागंल तेवढं घे. माझा हट्टीपणा पण जाईल तुझ्यात." बाई म्हणाल्या, "तो माझ्याकडे आधीच आहे."

महिन्याभरात पहिली फळी उभी राहिली. दुसरीला वेळ लागणार होता. लहानपणापासून शरीराने लक्षात ठेवलेले गोवर, धनुर्वात, घटसर्प प्रत्यारोपणात पुसले गेले होते. लसी पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या होत्या. तोवर साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंच्या मानपाड्याच्या घरी वर कुणालाच सोडत नसत. मी खाली रस्त्यावर उभी राही, बाई गॅलरीत, दोघींच्या कानाला फोन.

"दादाची फौज चांगली आहे गं," त्या एकदा म्हणाल्या. "पण माझ्या वर्गात बसलेली नाही. माझी मुलं कशी, एकदा पाहिलेला चेहरा विसरत नव्हती."   माझ्या मागून भाजीची गाडी गेली.

आषाढात पहिली लस मिळाली. रांगेत सगळ्या आया. नर्सने विचारलं, "बाळ कुठंय?"

"मीच," बाई म्हणाल्या आणि बाही वर केली.

संध्याकाळी फोन आला. आवाज वर्गातला होता.

"बातमीदार, दंड सुजलाय."

"दुखतोय का, बाई?"

"दुखू दे. पुढचे जागे झालेत. आता तुझं काम. तुकडा मागे पोचतो का, ते बघायचं."

सूज उतरली. तुकडा पोचला की नाही, हे सांगणारी रक्ततपासणी दुसऱ्या डोसनंतर करायची होती. ती झाली नाही.