वाढत्या अंगाचा फ्रॉक

दुपारचं जेवण झालंय, म्हणजे कलावतीबाई ताटावर बसून उठल्यात. रवांडात, किगालीतल्या लेकीच्या घरी त्या सोफ्यावर आडव्या झाल्यात. आतून वर्षाचा फोनवरचा आवाज येतोय, "आईला तिथं न्यायलाच नको होतं गं." त्या कूस बदलतात. डोळे मिटले की सकाळचं चर्च समोर. तीस वर्षांपूर्वीच्या वंशसंहारात तिथं आसऱ्याला आलेली माणसं हजारोंनी मारली गेली, आणि त्यांचे कपडे अजून बाकांवर रचून ठेवलेत. सगळ्यांचा रंग आता मातीचा.

लोकांनी तीस वर्षं कपडे जपले आणि आपण नवऱ्याचे तेराव्याच्या आत वाटून मोकळ्या झालो, हे त्यांना सकाळपासून खातंय. संगमनेरचे मुरलीधर टेलर गेले. "गेलेल्या माणसाचं घरात ठेवू नये," असं दीर म्हणाले मात्र, सदरे, लेंगे, टोपी, स्वेटर, सगळं एका गाठोड्यात गेलं. तीन वर्षं झाली, नवरा एकदाही स्वप्नात आला नाही. रागावलाच असणार.

चर्चचं दार ढकललं तर आत मुरलीधरांचं दुकान आहे. कलावतीबाईंना त्याचं काहीच नवल वाटत नाही. कोळशाच्या इस्त्रीचा वास येतोय, रेडिओ खरखरतोय. बाकांवर तेच ढीग, आणि ढिगापाशी मुरलीधर उभे आहेत, गळ्यात टेप, हातात निळा खडू.

"चप्पल काढून ये," ते म्हणतात. "माणसं आहेत ही."

"अहो, हात नका लावू. तिथं चालत नाही."

"मला चालतं आता."

ते एक छोटा फ्रॉक उचलतात, उलटा करतात. "आईनं घरी शिवलाय. काज वाकडं आहे, पण दुमड बघ. चार बोटं! वाढत्या अंगाची पोर. दर वर्षाला एक बोट उसवायचं. चार वर्षं सहज पुरला असता."

सकाळी कोरडे राहिलेले डोळे आता भरून येतात. वर्षाचे फ्रॉक त्यांना आठवतात. दिवाळीच्या आधी दुमड उसवली की खाली न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसायची.

"तिला लाज वाटायची त्या पट्टीची," मुरलीधर म्हणतात.

"म्हणून तुम्ही वरून लेस लावायचात. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून!"

दोघं हसतात. काय दिवस होते ते! फ्रॉक मात्र मुरलीधर जिथल्या तिथं ठेवतात, होता तसा.

"रागावलात ना?" कलावतीबाई एकदाचं विचारतात. "तुमचं एकही कापड ठेवलं नाही मी."

"अगं वेडे, यांच्या घरात सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून कपड्यांना सांगावं लागतंय. माझं सांगायला तू आहेस की." ते कलावतीबाईंकडे निरखून बघतात. "आणि अंगातला ब्लाउज कुणी शिवलाय?"

"तुम्हीच. शेवटचा. घालवत नव्हता, आज पहिल्यांदा काढला."

"सैल होतोय. जेवत नाहीस का? हलू नकोस." ते वाकतात. बरगडीपाशी खडू सरकतो, गार लागतो.

"आई, चहा."

ऊन सोफ्यावर आलंय. वर्षा कप घेऊन उभी आहे. कलावतीबाई उठून बसतात आणि ब्लाउजची कडेची शिवण उलटी करतात. आत दोन बोटं जादा कापड सोडलेलं आहे. त्यावर निळ्या खडूची रेघ, आणि रेघेच्या टोकाला बारीकशी फुली. मुरलीधर टेलर कापताना नेहमी अशीच फुली मारायचे. कोरा ब्लाउज, पाणी न लागलेला. तेव्हाचीच असेल.

अंगठा रेघेवर जातो आणि निळा होतो.

"काय शोधतेस गं?"

"काही नाही. भात उरलाय का? वाढ थोडा." वर्षा वळते तशी त्या मागून म्हणतात, "आणि हा ब्लाउज कधी धुवायला टाकायचा नाही. सांगून ठेवते."