अडकलास, फिरून म्हण

मी वाचताना अडखळलो की आक्काच्या हातातली सुई थांबत असे. ती मान वर करीत नसे. "अडकलास. फिरून म्हण," एवढेच म्हणे. ते वाक्य मी पुन्हा पहिल्यापासून वाचले की सुई चालू लागे. आक्काला एकही अक्षर येत नव्हते, आणि मी वाचत असे ते रशियन.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला वाढवायला म्हणून ती माहेरी आली आणि पुन्हा सासरी नांदायला गेली नाही. परभणीकडच्या आमच्या पालम गावात ती लोकांच्या वाकळा शिवून देई. जुनी लुगडी एकावर एक अंथरून दिवसभर टाके घाली. आमच्या बौद्ध गल्लीत एक रीत होती. शिकणाऱ्याने ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरले नव्हते, तिथे ते आल्याचे शेजाऱ्यांनाही ऐकू जावे, अशी त्यामागची भावना असावी. मी मुळात भिडस्त. मनात वाचणे मला बरे वाटे. पण आक्कापुढे इलाज नव्हता.

सत्तरच्या दशकात मी दिल्लीला रशियन आणि इतर स्लाव्ह भाषांच्या एम. ए.ला गेलो, तरी सुट्टीत ही रीत चुकली नाही. शेजारच्या गयाबाईंनी एकदा आपल्या दारातून विचारले, "आगं, तुजा भाऊ कोनाला शिव्या द्यायलाय?"

"शिव्या न्हाईत, रशियाची भाषा हाय ती."

"आन तुला काय कळायलंय त्यातलं?"

"अडकला की कळतंय. तुजा लेक तर मराठीत बी अडकतोय."

दिल्लीच्या वर्गात पहिल्या दिवशी मी असाच ओसरीवरच्या आवाजात वाचू लागलो आणि सगळा वर्ग हसला. शरमेने मी पुढे कित्येक दिवस तोंड उघडले नाही. सुट्टीत हे आक्काला सांगितले. ती दोरा ओवत म्हणाली, "हसू दे. पाठीमागच्याला ऐकू गेलं ना?"

शेवटच्या सुट्टीत तिने माझ्यासाठी वाकळ शिवायला घेतली. एम. ए. झाले की मला रशियाला धाडतील, अशी तिची पक्की समजूत होती. "तितं लय थंडी असती म्हणं. ही घेऊन जा." मला कोणी धाडणार नाही, फार तर एखाद्या कचेरीत भाषांतराची नोकरी मिळेल, असे मी समजावून पाहिले. "तू आदी पास तर हो," ती म्हणाली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी आमच्याच पुस्तकातला एक लांब उतारा वाचायला दिला. माझा आवाज आपोआप ओसरीवरचा झाला. मनातली सुई एकदाही थांबली नाही. उत्तीर्ण झाल्याचे परीक्षकांनी तिथेच सांगितले. परभणीपर्यंत रेल्वेत आणि पुढे एसटीत मी एकच वाक्य तोंडात धरून होतो : आक्का, अडकलो न्हाई.

पालमच्या स्टँडवर गयाबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सांगितले. आक्का तापाने गेली होती.

"तार का केली नाही, मावशी?"

"तिनंच करू दिली न्हाई, बाबा. म्हणली, परीक्षा होऊ द्या. मधीच कळवलं तर पोरगं अडकंल."

ओसरीवर वाकळ तशीच पडली होती. एक कोपरा शिवायचा राहिला होता आणि त्यात सुई टोचून ठेवलेली होती. सायंकाळी मी वाकळेशेजारी बसलो आणि पुस्तक उघडून परीक्षेतला तोच उतारा मोठ्याने वाचू लागलो. गल्लीतली माणसे आपापल्या दारात उभी राहिली. गयाबाई पदर तोंडाला लावून उंबऱ्यावर बसल्या.

निम्म्यावर मी अडकलो. वाक्य अर्धेच राहिले. सवयीने मी थांबलो, वाट पाहिली.

फिरून म्हण, असे कोणी म्हणाले नाही.