मोडलेली मापकाठी

सदू मिस्त्री गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कचेरीत कळली. मोटारीच्या परवान्यासाठी ओळीत उभा होतो. दर्यापूरचा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "तुमचा सदूभाऊ गेला ना... अकोल्याले, परवा." कागद तसाच खिशात कोंबून मी बाहेर आलो आणि रडलो. आज महिन्याभराने ते रडणं आठवलं की माझाच मला राग येतो.

मूर्तिजापूर ते दर्यापूर माझी आणि धाकट्या भावाची, वासुदेवची, एकच प्रवासी मोटर होती. पूर्णेच्या काठचा चढ आला की ती धापा टाकी. माणसं उतरवून ढकलायला लावावी लागत. सदूभाऊने अकोल्याच्या आपल्या कारखान्यात इंजिन उघडलं आणि म्हणाला, "इंजिन खराब नाही, दट्ट्याची धाव कमी हाय. त्याले जागा देऊ." म्हणजे इंजिनाच्या पोटातला फिरता दांडा, क्रँक, नवाच घडवायचा. त्याचा बाक वाढवला की दट्ट्या जास्त खाली-वर जातो, दर फेऱ्याला जास्त हवा-पेट्रोल ओढतो आणि इंजिन जणू मोठंच होतं. रेल्वेच्या जुन्या आसाचं पोलाद त्याने तापवून ठोकलं, लेथवर कातलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा दट्ट्या वरच्या झाकणावर असा आपटला की आम्ही दोघं मागे उडालो. सदूभाऊ पोट धरून हसला आणि दट्ट्याचं डोकं कातायला बसला. पुढच्या बाजारी मोटर भरगच्च माणसांसह चढ चढली. कोणाला उतरावं लागलं नाही.

मापं तो कागदावर लिहीत नसे, बाभळीच्या काठीवर खाचा पाडी. काम झालं की ज्याचं काम त्याच्यासमोर ती काठी मोडायची. हे माप दुसऱ्याला देणार नाही, असा तो शब्द. माझ्यासमोर त्याने ती गुडघ्यावर मोडली. "झालं. आता असं इंजिन तुमचं एकच." ते तुकडे मी देवघरात ठेवले, दर दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहिलं.

पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर दुसऱ्या मालकाची मोटर आली आणि तीही चढ न थांबता चढू लागली. वासुदेव म्हणाला, "दादा, तुह्या मिस्त्र्यानंच माप देल्लं. तुले कावून दिसत नाही?" मी देवघरातले तुकडे त्याच्यापुढे धरले. तो ऐकेना. "माह्या दोस्ताले चोर म्हणत असशीन, तं या घरात राहू नको," मी म्हणालो. तो अकोटला निघून गेला. त्यानंतर कधी दसऱ्याचं सोनं द्यायलाही आला नाही.

तेराव्याला गेलो तेव्हा सदूभाऊच्या बायकोने, गंगूवहिनींनी, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. "हे तुमालेच द्याचं म्हने. तुमी समजान म्हने."

बाभळीची अख्खी काठी होती. खाचांच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. घरी येऊन देवघरातले तुकडे तिच्याशेजारी जोडून ठेवले... एकही खाच जुळेना. मग इंजिन उघडून ती अख्खी काठी क्रँकला लावली. ती मात्र बरोबर बसली.

केसाने गळा कापलास, सदूभाऊ. मोहात पडून पुढे कधी माप दिलं असतंस, तर ते मी गिळलं असतं. पण मोडायला तू भलतीच काठी आणली होतीस. म्हणजे त्या दिवशीच तुझं ठरलेलं होतं. आणि तोंड होतं तोवर बोलला नाहीस, मेल्यावर लाकडाकडून बोलून घेतलंस.

दसरा तोंडावर आला आहे. तुकडे मी चुलीत घातले. अख्खी काठी अजून त्याच फडक्यात आहे, ती घेऊन उद्या अकोटला निघालो आहे. वासुदेवने दार उघडलं तर ती त्याच्या हातात देईन. मोडायची असेल तर त्यानेच मोडावी.