वाढत्या अंगाचं नको

डॉक्टर तीन झाले, शाळा दोन झाल्या. माझ्या पोरीचं माप बरोबर घेतलं ते देवळाली कॅम्पमधल्या एका टेलरनं.

ते आज सकाळी गेले.

सलीमचाचा. आयुष्यभर फौजी लोकांचे युनिफॉर्म शिवले त्यांनी. बाजारातल्या गल्लीत, पुढे दुकान आणि मागे घर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी ओवी आठ वर्षांची आहे. तिला एडीएचडी आहे आणि ऑटिझमही आहे.

हो, दोन्ही. एकाच पोरीत.

"अहो, नक्की काय ते एक सांगा ना," असं मला शाळेच्या ऑफिसात विचारलंय. फॉर्मवर रकाना एकच होता.

पहिल्या डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं. मग शाळेनं 'चेंज हवा' म्हणून तिला रोज नव्या बाकावर बसवलं. बाक बदलला की ही कान झाकून टेबलाखाली.

दुसऱ्यांनी ऑटिझम सांगितलं. मग सगळं ठरल्या वेळी, ठरल्या जागी. चौथ्या दिवशी ही कंटाळून खिडकीवर चढली.

तिसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही आहे. बऱ्याच मुलांमध्ये असतं." मी त्यांच्या केबिनमध्येच रडले. दुःखानं नाही. कुणीतरी अख्खी पोर बघितली म्हणून.

तिला पोळी रोज त्याच पिवळ्या ताटलीत लागते. आणि ती खाताना घरभर फिरायचं असतं. हे कसं काय जमतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडे जेवायला यावं.

"मोबाइल काढून घ्या." "एक ठेवून द्या, सरळ होईल."
ठेवून देणाऱ्यांनी आधी माझी गाठ घ्यावी.

तर, युनिफॉर्म.

आतली शिलाई तिला टोचायची. कॉलर चावून चावून तिनं तीन शर्टांची वाट लावली. दिवसभर बाह्या ओढायची, अभ्यास कुठला होतोय? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "धड युनिफॉर्ममध्ये येणार असेल तरच पाठवा. नाहीतर दुसरी शाळा बघा."

दुसरी हीच होती. तिसरी कुठून आणू?

शेजारच्या काकूंनी चाचांचं नाव सांगितलं. नाशिकरोडहून रिक्षा करून गेलो. ओवीनं दुकानात शिरल्या शिरल्या रिळं खाली पाडली.

चाचांनी टेप गळ्यातून काढलीच नाही.
"आज माप नको, मॅडम. आज फक्त बघतो."

बटणांचा डबा तिच्या हातात दिला. ती दुकानभर फिरत दोन भोकांची बटणं वेगळी, चार भोकांची वेगळी करत बसली. 'बसली' म्हणजे फिरलीच.

त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी मी सगळं सांगितलं. एक काय ते सांगा म्हणतात, हेही सांगितलं.

चाचा हसले. "छातीचं माप वेगळं, लांबीचं वेगळं. दोन मापं लिहिली म्हणून दोन पोरी होतात काय?"

मग म्हणाले, "घरी तिला कुठला कपडा आवडतो? तोच आणा. माप त्याच्यातच हाय."

तिचा विटका टी-शर्ट नेऊन दिला. आणि तिथे मी माती खाल्ली.

"चाचा, जरा वाढत्या अंगाचं शिवा."

आपल्यात सगळेच म्हणतात. माझ्या आईनं मला दहावीपर्यंत वाढत्या अंगाचंच शिवलं. कपडा अंगाला बसेपर्यंत तो फाटायचा.

चाचा "नको" म्हणाले. मी हट्ट धरला.

ट्रायलला तो ढगळ शर्ट अंगावर हलला आणि ओवी जमिनीवर बसून किंचाळायला लागली. चाचांनी मशीन बंद केलं, पंखा बंद केला आणि लांब जमिनीवर गप्प बसून राहिले. ती शांत झाली तेव्हा मला म्हणाले,

"गलती माझी हाय. माप हिचं होतं, ऐकलं तुमचं."

राग आला मला. रिक्षात बसल्यावर कळलं. पुढे कधीतरी 'ठीक' होईल अशा कुठल्या तरी भलत्याच पोरीसाठी मी सगळं शिवून घेत होते. समोर होती तिच्यासाठी नाही.

दुसरा शर्ट अगदी अंगाबरोबर. सगळी शिलाई बाहेरून. खिशात आत दोन बटणं टाकलेली, एक दोन भोकांचं, एक चार भोकांचं. हाताला चाळा म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेचा फोन. "मुलगी उलटा शर्ट घालून आलीये."

मी थेट चाचांकडे गेले आणि तिथून मुख्याध्यापिकांना फोन लावून दिला. ते बोलले.
"मॅडम, मी फौजेचे युनिफॉर्म शिवतो. युनिफॉर्म काय असतो ते मला नका सांगू. पोरगी वर्गात बसली का, ते सांगा."

बसली होती.

ओवी त्याच शाळेत तिसरीत आहे. शर्ट उलटाच आहे.

आज मी तिला चाचांच्या घरी घेऊन गेले. "लहान पोरीला कशाला आणलं?" असं कुणीतरी म्हणालंच. ओवी सरळ दुकानात गेली आणि बटणांचा डबा घेऊन फेऱ्या मारायला लागली. कुणीही तिला अडवलं नाही.

चाचींनी मापाची वही आणून ओवीचं पान उघडलं. ओवीनं मोठ्यानं वाचलं.

"ओवी. ढीला नहीं. मम्मी की नहीं सुनना."

रडता रडता चाची हसल्या. मीही.

पानाचा फोटो काढून आणलाय. जूनमध्ये नवा टेलर शोधावा लागेल, त्याला आधी हे पान दाखवीन. मग शाळेला. ज्यांना ज्यांना माझी पोर एका रकान्यात बसवायची आहे, त्या सगळ्यांना.

शर्ट लहान झाला की नवा शिवू.

चाचा, अख्ख्या ओवीचा तुम्हाला सलाम. आणि तिच्या मम्मीची, जिचं तुम्ही पुन्हा ऐकलं नाहीत, मनापासून श्रद्धांजली.