गफूरनं रंगवलेले बाण

गफूर मुकादम आणि मी एकाच बादलीत ब्रश बुडवून म्हातारे होत आलोय. फ्लॅट रंगवायला घेतला की सीलिंग त्याचं आणि भिंती माझ्या. मी मुद्दाम तसं वाटून घेतलंय. तोंड वर असलं की हा माणूस गप्प राहतो, आणि शिडीवरून खाली उतरला की थांबतच नाही.

बोलतो काय? धर्माचं. दावत म्हणतात त्याला. आपल्याच लोकांच्या दारावर जायचं, सलाम करायचा, बाबा रे नमाजाला चल म्हणायचं. काम सुटलं की हातपाय धुऊन, पांढरा कुर्ता चढवून हा निघालाच. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले जीन्सचे गाळे, अंबरनाथ पूर्वेतल्या कामगारांच्या खोल्या, बदलापूरच्या नवीन बिल्डिंगी, सगळीकडे गफूरभाई. मी बुद्धविहाराच्या मागे राहतो. आमच्या विहाराला जयंतीच्या आधी हा दरवर्षी फुकट रंग मारून देतो. एकदा मी म्हटलं, "गफूर, एवढं जग बोलावतोस, मला का नाही रे बोलावत कधी?" तर म्हणतो, "तू आधी कामावर वेळेत ये." असला हा माणूस.

आता बाणांचं सांगतो. नमाज पढताना मक्केतल्या काब्याकडे तोंड करायचं असतं. त्या दिशेला किब्ला म्हणतात, आणि मक्का आपल्या पश्चिमेला. मशिदीत काही प्रश्न नाही, ती बांधतानाच दिशा बघून बांधलेली असते. पण जीन्सच्या गाळ्यात ना खिडकी ना उजेड. यूपी-बिहारची पोरं तिथंच शिवतात, तिथंच कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपतात. त्यांना पहिला प्रश्न पडतो, पच्छिम किधर? मग गफूर आमच्या कामातला उरलेला हिरवा ऑइलपेंट काढायचा आणि भिंतीवर खाली, गुडघ्याच्या उंचीला, वीतभर बाण रंगवायचा. बाण असा सुरेख की बघत राहावं. माणूस पेंटर म्हणून एक नंबर आहे, ते मी नाकारत नाही.

हिशोब त्याचा सोपा होता. प्रत्येक स्टेशनला ईस्ट असतं आणि वेस्ट असतं. वेस्ट म्हणजे पश्चिम. स्टेशनकडे पाठ करा, वेस्टकडे तोंड करा, झाला किब्ला. ईस्टला राहणाऱ्यानं रुळांकडे तोंड करायचं. एखाद्या पोरानं मोबाईलवर दिशा काढून "भाईजान, ये तो उल्टा बता रहा है" म्हटलं, तर गफूर हसायचा. "इतनी मशीनें हैं, लोहे से काँटा घूम जाता है." पोरगं बिचारं गप्प. गफूरभाईपुढं मोबाईलचं कोण ऐकतो?

गेल्या थंडीत त्याच्या डोक्यात आलं की आपण एवढी वर्षं ऐकीव माहितीवर बोलतोय, जरा आलिम लोकांकडं, म्हणजे शिकलेल्या मौलानांकडं, बसून नीट शिकावं. दावतीचं काम दुप्पट जोरात करायचं होतं त्याला. रायगडातल्या एका मदरशात मोठ्या माणसांसाठी शिकवणी होती, तिकडे गेला. सगळी थंडी मी एकट्यानं सीलिंगं मारली. मान कामातून गेली माझी. मनात म्हटलं, येऊ दे परत, असा झापतो की बस.

आला तेव्हा बदलापूर वेस्टला, बारवी रोडच्या एका टॉवरमध्ये आमचं काम चालू होतं. मी सकाळी गच्चीवर पुट्टी कालवत होतो. हा जिना चढून आला, ना सलाम ना दुवा. चेहरा असा की घरात कोणी गेलंय की काय.

"बबन, सूर्य कुठून उगवलाय?"

"तुझ्या डोक्यातून. डबा खोल तो."

"मस्करी नको. नीट बघून सांग."

बघितलं. "बारवी धरणाच्या डोंगरातून. रोज तिथूनच उगवतो, आज काय नवीन?"

"बारवीला जायला स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरतात?"

"वेस्टला," मी म्हटलं, आणि पुन्हा डोंगराकडं बघितलं. सूर्य वेस्टला उगवला होता! माझा जन्म अंबरनाथचा, पन्नाशी उलटली, रोज हाच सूर्य बघतोय, आणि एकदाही, अहो एकदाही, माझ्या टाळक्यात उजेड पडला नव्हता.

म्हणजे झालंय असं. मुंबईकडून रेल्वे येते तेव्हा डावीकडे खरंच पश्चिम असते. कल्याणला रूळ वळतात आणि आमच्याकडे येतात. रूळ वळले, पण नावं नाही वळली. डावी बाजू ती वेस्टच राहिली. त्यामुळं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावांत वेस्ट म्हणतात ती बाजू खरी उगवतीकडची. दिवसभर ईस्ट-वेस्ट करणारे लाखो लोक, कुणाला काय फरक पडतो? रिक्षा बरोबर जागी पोचते. फरक पडला तो एकट्या गफूरला.

"मौलानांनी सगळ्यांना आपापल्या मोहल्ल्याचा नकाशा काढायला लावला," तो सांगायला लागला. "मी ऐटीत बाण काढला. त्यांनी बघितलं, रागावले नाहीत. एवढंच विचारलं, सूरज किधर से निकलता है आपके यहाँ? मी म्हटलं बारवीकडून. आणि बबन, बोट मीच ठेवलं नकाशावर. बाणाच्या बरोबर टोकावर."

"मग?"

"मग काय! सगळ्यांची पाठ मक्केकडं केली मी. वर्षानुवर्षं."

माझा धर्म नाही, माझी नमाज नाही, पण त्या हिरव्या रंगाचे डबे मी ढवळून दिले होते. "आयला, पण कुणालाच कसं कळलं नाही रे?" तर म्हणाला, पहाटेची नमाज सूर्य उगवायच्या आधी, संध्याकाळची मावळल्यावर, आणि बंद गाळ्यात दुपार काय नि रात्र काय. शिवाय जे विचारत होते त्यांना यानंच गप्प केलं होतं.

"मौलाना काय म्हणाले?"

"म्हणाले, जे तुझ्या भरवशावर पढले त्यांचं अल्लाह बघून घेईल. पण कळल्यावर तू गप्प बसलास तर ते तुझ्या गळ्यात. दावत करायची आहे ना? मग तीच दारं पुन्हा वाजव."

म्हटलं, जा बाबा. तर तो तिथंच पुट्टीच्या गोणीवर बसला. रडला नाही, नुसता बसला. झापायचं ठरवलं होतं, ते मी सोडून दिलं. "ऊठ," मी म्हटलं, "सुट्टीच्या दिवशी जाऊ. मी येतो."

"तू कशाला?"

"तू भिंतीला ठिगळ करून ठेवशील म्हणून! शेड जुळवणं तुला कधी जमलंय?"

असे आम्ही निघालो. त्याच्या हातात काही नाही, माझ्या हातात रोलर आणि प्रायमर. गाळ्यात शिरायचं, सलाम करायचा, आणि सरळ सांगायचं, मैंने गलत बताया था. मी खाली बसून बाण पुसायचा. नवीन बाण त्यानं एकाही ठिकाणी काढला नाही. म्हणायचा, बाहेर जाऊन उगवता सूर्य बघा, मशिदीत विचारून या, मग तुमचा तुम्ही काढा.

लोकांचं काय सांगू! कुणी आ वासून बघत राहिलं. एक पोरगा हसत सुटला, त्याला दुसऱ्यानं हाणला. अंबरनाथच्या एका खोलीत एक माणूस मटकन खाली बसला आणि "या अल्लाह, या अल्लाह" एवढंच म्हणत राहिला. एकानं गफूरला मिठी मारली, तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. कुठलं सुटतोय!

कॅम्प तीनमध्ये नसरुल्ला मास्टर म्हणून कटिंग करणारा आहे, पिकलेली दाढी, हाताखाली वीस-पंचवीस पोरं. त्याला नमाजाची गोडी गफूरनंच लावलेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कात्री टेबलावर ठेवली, आणि मशिनी बंद करायला सांगितल्या. गाळा एकदम शांत झाला.

"गफूरभाई, हमने तो आपसे पूछ के पढ़ी थी. आपने किससे पूछा था?"

"किसी से नहीं."

"किसी से नहीं," मास्टर म्हणाला. पोरांकडं बघून पुन्हा म्हणाला, "किसी से नहीं! अब दरवाज़ा मत खटखटाना हमारा."

मी बाण भराभर पुसून टाकला. मास्टरनं गफूरला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. बाहेर आल्यावर गफूर जिन्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, "बस झालं. एवढं पुसून घेऊ, मग दावत बंद. लोकांना अल्लाहकडं बोलवायला माझ्याकडं तोंड नाही राहिलं."

माझं डोकंच फिरलं. "एवढ्या उन्हात मला वणवण फिरवलंस ते बंद करायला? तुझे मौलाना काय म्हणाले, दारं वाजव म्हणाले ना? एकानं नको म्हटलं तर लगेच शेपूट घालतोस?" तो म्हणाला, "तसं नाही रे. एक दार राहिलंय, ते माझ्याच्यानं वाजवत नाही."

"कुणाचं?"

"माझंच."

रिक्षानं बदलापूर गावात आलो. गावाच्या कडेला नवीन बिल्डिंगीत याची खोली आहे. दार सबिहानं उघडलं. सबिहा याची एकुलती एक मुलगी, अंबरनाथला दिलीय. त्यानंच तिला बोलावून घेतलं होतं. आत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर हिरवा बाण. रोलर खाली ठेवता ठेवता मला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी जुलेखाभाभी, म्हणजे त्याची बायको, याच खोलीत गेली. शेवटचं आलं की यांच्यात माणसाचं तोंड किब्ल्याकडं करतात. खाट जड होती. गफूरनं हाक मारली आणि मी एक बाजू धरली. दोघांनी मिळून खाट फिरवली, बाणासमोर आणली. भाभीला बोलवत नव्हतं, तरी तिनं विचारलं, "बराबर हाय ना?" गफूर म्हणाला, "एकदम बराबर." ती निश्चिंत झाली.

आणि बाण तर उलटा!

"सबिहा," गफूर म्हणाला, आणि सगळं सांगितलं. गाळ्यांत सांगितलं तसंच, उभं राहून, हात बांधून. फक्त शेवटी म्हणाला, "तुझ्या अम्मीचंही तोंड मी चुकीच्या दिशेला केलं. तिनं विचारलं होतं मला."

पोरगी पांढरीफटक पडली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही, चिडली. "अब्बा, अम्मीनं मान फिरवली होती. आठवतं तुम्हाला? दोनदा फिरवली. दोन्ही वेळेला तुम्ही धरून भिंतीकडं केलीत."

"तिला ताकद नव्हती, मान कलंडत होती म्हणून..."

"कलंडत नव्हती! मी इकडं बसले होते ना, ह्या बाजूला. ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं धर्माचं आहे, मध्ये कसं बोलू. मी गप्प बसले, अब्बा. तिला माझ्याकडं बघायचं होतं आणि तुम्ही तिचं तोंड भिंतीकडं केलंत."

आईशप्पथ सांगतो, मला कुठं बघावं कळेना. मी पण होतो तिथं त्या दिवशी. भाभीची मान मी पण बघितली होती. गफूर भिंतीला टेकला आणि सरकत सरकत खाली बसला. त्याच्याकडं बघून माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मला रडायची लाजही वाटली नाही.

गफूर म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं. हे मला कुठल्याच मौलानांनी सांगितलं नसतं." मग म्हणाला, "सबिहा, तू म्हणशील तर मी आजपासून कुणाच्या दारात जाणार नाही."

सबिहानं खाली ठेवलेला रोलर उचलला आणि बाण तिनंच पुसला. तिला जमत नव्हतं, ओघळ येत होते. मी पेंटर माणूस, पण बोललो नाही. पुसून झाल्यावर तिनं मोरीत जाऊन हात धुतले, तोंड धुतलं. गावातल्या मशिदीत संध्याकाळची, मगरिबची अजान सुरू झाली. तिनं कपाटातून नमाजाची चटई, जानमाज काढली, डोक्यावरून ओढणी घेतली, आणि खोलीच्या मधोमध घडी घातलेली जानमाज हातात धरून उभी राहिली.

"अब्बा, तोंड कुठं करू?"

गफूर दचकला. "मोबाईल बघ. नाहीतर थांब, मी मशिदीत विचारून येतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही दाखवा."

तो भिंतीला धरून उठला. खिडकीशी गेला, मावळतीच्या बाजूला अजून थोडा लाल उजेड होता, तो नीट बघितला. त्या उजेडाकडं बोट केलं. सबिहानं तिकडं तोंड करून जानमाज अंथरली.