धाकट्या जावेची सनस्क्रीन

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. मी तेव्हा आटपाडी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भर उन्हाळ्यात सैन्यातला एक जवान त्याच्या बायकोला घेऊन आला. तो सुट्टीवर होता. ती घरच्या डाळिंबाच्या बागेत काम करायची. तिचे गाल लालभडक होऊन सोलवटले होते, कपाळावर फोड होते. बायको उन्हात राबते म्हणून त्याने स्वतःहून आणलेली सनस्क्रीनची बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, मेडिकलवाल्यानं डुप्लिकेट माल दिलाय. हिचं त्वांड बघा."

बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत त्या दुकानासमोर माणसं जमली. दुकानदाराने घाबरून शटर ओढलं. बंदोबस्त लावून मी त्याच्याकडच्या त्याच बॅचच्या बाटल्या तपासल्या. पंचांसमक्ष एक सीलबंद बाटली उघडली. आतली क्रीम पांढरी, जवळजवळ बिनवासाची. तक्रारदाराच्या बाटलीतून मात्र, शेजारी ठेवल्यावरच कळेल अशी, किंचित पिवळसर आणि हलक्या वासाची क्रीम आली. शिवाय सील जवानाने स्वतः घरी फोडलं होतं आणि सुरुवातीला बायकोला काहीच त्रास नव्हता. म्हणजे बदल घरात झाला होता. दोन्ही बाटल्या मुद्देमाल म्हणून सील करून प्रयोगशाळेकडे पाठवल्या.

त्या घरात चारच माणसं: जवान, त्याचा थोरला भाऊ आणि दोघांच्या बायका. आठवडी बाजारात फिरणाऱ्या आमच्या खबऱ्याने सांगितलं, "साहेब, त्या घरातल्या थोरलीनं पथारीवरनं गोरं व्हायची क्रीम नेलीया. डबीवर नाव न्हाई, गाव न्हाई."

थोरल्या जावेला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस चौकशीत बहुधा गरजेपेक्षा जास्त बोलतो. ही बाई बोलेचना. आमच्या महिला हवालदाराने तिच्यापुढे चहा ठेवला आणि सहज विचारलं, "उनात तुमी बी जाताच की. तुमी काय लावता?"

बाईने पदराने तोंड झाकलं. पदराआडूनच म्हणाली, "एकाच बागेत राबतो आमी. ती सकाळी आरशापुढं बसून लावायची आन् मी बघायची. म्हणून तिची क्रीम माज्या डबीत काढली आन् बाजारातली तिच्या बाटलीत भरली."

"त्या क्रीमने त्रास होतो हे माहीत होतं?" मी विचारलं.

"माजं बी तोंड चुरचुरलं हुतं. म्हटलं, तिचं बी जरा चुरचुरू दे. एवढं व्हईल असं वाटलं न्हवतं."

"आणि तिची सनस्क्रीन तुम्ही लावली?"

"रात्री निजताना. दिवसा लावली तर तिच्या डोळ्याला दिसलं असतं."

उन्हासाठीची क्रीम ती अंधारात लावत होती. हवालदारबाईंनी मान फिरवली.

प्रयोगशाळेच्या अहवालात बाजारच्या क्रीममध्ये पारा आणि स्टेरॉइड निघालं. थोरलीवर गुन्हा नोंदवला, पथारीवाल्यावर वेगळा. सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दोन्ही जावांना समोर बसवून समजावलं: परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, पावती घ्या, एसपीएफ तीस किंवा जास्त आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेलं बघा, मुदत बघा. महागच हवी असं नाही. आधी हातावर लावून पाहा. उन्हात जाण्यापूर्वी चेहऱ्याला, मानेला, कानांना भरपूर लावा, दर दोन तासांनी आणि घाम आला की पुन्हा. आणि पदर, टोपी सोडू नका.

धाकटीच्या गालावर डाग राहिले. तिने कोर्टात तडजोड केली, पण जावेशी बोलणं तोडलं. "केस नको. पर मला तिचं त्वांड बघायचं न्हाई," एवढंच तिने सांगितलं. तिला कोणी दोष देऊ शकलं नाही.

नोकरीत मी मत्सरातून झालेल्या मारामाऱ्या पाहिल्या, ऊस पेटवलेले पाहिले. प्रत्येक वेळी कारण म्हणून जमीन किंवा पैसा लिहिला. कागदावर न येणारं कारण थोरलीच्या जबाबाच्या दिवशी मी ऐकलं. तिच्या नवऱ्याला बोलावून मी सगळं सांगितलं होतं. तो गोंधळून म्हणाला, "साहेब, हिनं कवा मागितलीच न्हाई की."

बाकावर बसलेली ती बाई मान वर न करताच म्हणाली,

"धाकटीनं तरी कुठं मागितली हुती?"