उंबऱ्याबाहेरची कळलावी

आमच्या चित्रकलेच्या सरांइतका रानफुलांचा मान राखणारा माणूस चाकूरच्या पंचक्रोशीत झाला नाही. वाटेत केना फुललेला दिसला की सर सायकल उचलून पलीकडे नेत. लाकडी ठोकळ्यावर फूल कोरायचं, शाई फासायची, वर कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचं आणि उमटलेल्या फुलाखाली म्हाताऱ्यांकडून ऐकलेली त्याची गोष्ट लिहायची, हा त्यांचा उद्योग. सरांच्या बायकोची, आमच्या काकूंची, आमटी कायम शाईच्या पळीनं वाढलेली. वर्गात कुणी गुलाब काढला की म्हणत, "गुलाबाला लई मामा हायेत. तरवडाला कोण हाय?" मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, पण बांधावरच्या तणालाही मान असतो, हे मला सरांनीच शिकवलं.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा तिथल्या प्रदर्शनासाठी सरांकडे चित्र मागितलं. सरांनी कळलावी ठरवली. पाऊस नव्हता, अख्ख्या माळावर एका वेलीला एकच फूल आलेलं. फूल समोर असल्याशिवाय सर कोरत नसत, आणि कळलावी घरात आली की भांडण लागतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"ते फूल आत आलं की मी चालले उदगीरला, माहेरी," काकू दारात आडव्या.

"अगं, फूल अजून माळावर हाय, अन् भांडण तर लागलं की!"

शेवटी सर माळावरच बसले. दुपारी काकू तणतणत आल्या आणि छत्री धरून उभ्या राहिल्या. संध्याकाळी फूल कोमेजायच्या आत कोरून झालं.

प्रदर्शनात लोक चित्रापुढून हलेनात. सर फुकट देऊ लागले, तर सगळे हात जोडत, "सर, झकास हाय, पण घरात नको." काकूंनीही चित्राला उंबरा ओलांडू दिला नाही. ते शाळेच्या कपाटातच राहिलं. "एकदा घरच्या भिंतीवर बघायची होती," सर कधीतरी म्हणत.

सर गेल्यावर काही महिन्यांनी मी काकूंना भेटायला गेले. समोरच्या भिंतीवर कळलावी होती, पिवळ्यातून लाल होत गेलेली.

"काकू, हे आत कसं?"

"शाळेतनं मीच आणवलं," त्या म्हणाल्या. पदरानं काच पुसली. "लागू दे भांडण. घर लई गप झालंय."